बारकी गोळी

आमच्या दवाखान्याला दोन दारं होती. पुढच्या दारानं डॉक्टरसाहेब, मी आणि शेजारच्या भुसार दुकानातलं मांजर एवढेच ये-जा करायचे. पेशंट सगळे मागच्या दारानं, बोळातून. बोळाच्या तोंडाशी एक सायकलवाला होता. माणसं त्याच्याकडे पंक्चरच्या निमित्तानं थांबायची, इकडे तिकडे बघायची, आणि ओळखीचं कोणी दिसत नाही अशी खात्री पटली की बोळात शिरायची. सायकल नसलेली माणसंसुद्धा पंक्चरचा भाव विचारायची. सायकलवाला शहाणा होता. तो नुसता मानेनंच बोळ दाखवायचा.

हे नगर शहरातलं, सत्तर सालानंतरच्या चार-दोन वर्षांतलं. मनाच्या आजाराचं शिक्षण घेतलेला दुसरा डॉक्टर जिल्ह्यात मला तरी ठाऊक नव्हता. आमच्या पाटीवर 'मेंदू व मज्जातंतूंचे विकार' असं लिहिलेलं होतं. 'मन' हा शब्द पाटीवर कुठंच नव्हता. डॉक्टरांना तो फार हवा होता, पण घरमालकानं जागा देतानाच सांगितलं होतं की असलं काही लिहायचं नाही, वरच्या मजल्यावर त्याच्या मुलीला बघायला पाहुणे यायचे होते.

मी तिथं कंपाउंडर. नाव याकूब. गोळ्यांच्या पुड्या बांधायच्या, काचेच्या सिरिंजा उकळायच्या, इंजेक्शनं द्यायची, विजेचा शॉक देताना पेशंटचे खांदे धरायचे आणि बाहेर बाकावर बसलेल्यांना शांत ठेवायचं, ही माझी कामं. शेवटचं काम सगळ्यात अवघड, कारण मला स्वतःलाच एका जागी बसवत नाही. लहानपणापासून नाही. नमाजाला बसलो तरी पायाचा अंगठा हलत असतो. डॉक्टर म्हणायचे, "याकूब, बाकावरच्या सगळ्यांना मी औषध देतो, तुला कधी सुरू करू?"

आमच्याकडे काय चालायचं याबद्दल बाहेर वाटेल ते बोललं जाई. म्हणून साध्या शब्दांत सांगतो. माणूस उदास असतो, घाबरट असतो, चिडका असतो, ते निराळं. आमच्याकडच्या अवघड पेशंटला जे ऐकू यायचं ते बोलणारं बाहेर कोणी नसायचं, आणि तरी त्याला ते तुमच्या-माझ्या आवाजाइतकं खरं असायचं. कोपरगावकडच्या साखर कारखान्यातला एक कारकून आमच्याकडे रेडिओ काखेत घेऊन आला होता. बातम्या सांगणारी बाई मधेच त्याच्याबद्दल बोलायची. त्यानं आधी रेडिओ मेकॅनिककडे नेला. मेकॅनिकनं दोनदा उघडला, दोनदा बंद केला आणि मग त्याला आमचा पत्ता दिला. डॉक्टरांनी रेडिओ टेबलावर ठेवून घेतला आणि गंभीरपणे विचारलं, "बाई काय म्हणते?" तो घळाघळा रडायला लागला. इतक्या दिवसांत हे कोणी विचारलंच नव्हतं. गोळ्यांनी तो सुधारला. रेडिओ मात्र परत न्यायला आला नाही, त्यावर मी पुढं कित्येक वर्षं गाणी ऐकली.

पेशंट आमच्यापर्यंत असेच पोचायचे, भलत्याच माणसांच्या हातून. आधी देवऋषी व्हायचा, मग अंगारा, मग एखाद्या जागृत ठिकाणी महिनाभर बसवणं, मग तालुक्याच्या डॉक्टरची ताकदीची इंजेक्शनं. सगळं करून दमले की एखादा एसटी कंडक्टर, एखादा न्हावी त्यांच्या कानाशी लागायचा. सांगणाऱ्याचाच भाऊ किंवा बहीण आमच्याकडे येऊन गेलेली असायची, पण ते तो सांगायचा नाही. "ऐकून हाय," एवढंच म्हणायचा.

सिंधूला तिचा नवरा असाच घेऊन आला. शेवगावच्या पलीकडचं गाव. नाव लिहीत नाही, त्या घरची माणसं अजून नांदती आहेत. बाहत्तरच्या दुष्काळाचे दिवस. नवरा रंगनाथ घरचा शेतकरी, पण शेतात काही उरलं नव्हतं म्हणून दोघं नवरा-बायको दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तिथंच तिला सुरू झालं. आधी झोप गेली. मग खडीच्या ढिगातून बायका बोलतात असं म्हणू लागली. त्या बायका तिला सांगायच्या की घरात निजलेली पोरगी तुझी नाही, तुझी बदलून नेली. पोरगी तेव्हा नुकती बसायला लागलेली. सिंधूनं तिला पाजायचं सोडलं. घरच्यांनी घाबरून पोरगी थोरल्या जावेच्या ताब्यात दिली आणि सिंधूला एका खोलीत कोंडलं. सरपंचानं रंगनाथला बोलावून सांगितलं, हिला माहेरी तरी धाड नाहीतर गावाबाहेर कुठं ठेव.

आमच्या दवाखान्यात ती आली तेव्हा बरोबर रंगनाथ आणि सासू भागूबाई. सासूच बोलत होती. रंगनाथ मधूनमधून तारीख दुरुस्त करत होता. सिंधू कोपऱ्याकडे तोंड करून पुटपुटत होती. डॉक्टरांनी तिच्याशी बोलायचा पुष्कळ प्रयत्न केला. ती एकदाच वळली आणि म्हणाली, "माझी पोरगी आना." बस.

डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या. मोठी गोळी ते आवाज गप्प करण्याची. ती घेणाऱ्यांपैकी काहींचं अंग ताठतं, म्हणून तिच्याबरोबर एक बारकी पांढरी गोळी. अक्षर न येणाऱ्यांसाठी मी पुडीवर सूर्य आणि चांद काढून द्यायचो. भागूबाईंना मी दोन्ही पुड्या दाखवल्या. "ही मोठी डोक्याची. ही बारकी अंग आखडू नये म्हणून. एक चुकवायची नाही, दुसरी पण चुकवायची नाही." त्यांनी पुड्या कनवटीला लावल्या आणि मला विचारलं, "ही बारकी गरम तर पडत न्हाई ना?" मी म्हटलं नाही. या प्रश्नाचा अर्थ मला नंतर कळला.

आठवडा उलटला नसेल. सकाळी दवाखाना उघडतोय तो रंगनाथ हजर, आणि चक्क पुढच्या दारात. हातात नारळ, पेढ्यांचा पुडा, कपाळाला मळवट. मला वाटलं सिंधू सुधारली. तो डॉक्टरांच्या पायाच पडला.

"सायेब, तुमच्या गोळ्यांनी चमत्कार झाला. हिच्या अंगात देवी आली."

 आत टेबलावर नुकताच शॉक दिलेला पेशंट होता, तिकडे एक डोळा ठेवून डॉक्टरांनी विचारलं, "देवी येते म्हणजे काय होतं?"

"मान अश्शी वळती मागं. डोळं वर जात्यात, आढ्याकडं. बुबुळं दिसत न्हाईत. जीभ भायेर. दोन-दोन तास तशीच. आधी घुमनाऱ्या बाया आमी बघितल्यात, पन त्या हालत्यात. ही हालतच न्हाई. समद्या गावानं ववाळलं तिला. काल लोकं शेजारच्या गावांवरनं आली, पन देवी यीना. मग आईनं एक गोळी जास्तीची दिली आन् आली बघा."

डॉक्टर खुर्चीतून उठले. त्यांना उठलेलं मी फार कमी पाहिलं आहे. म्हणाले, "याकूब, मान पकडली आहे. गळ्याचे स्नायू पकडले तर श्वास अडकेल. तू जा याच्याबरोबर." शुद्धीवर न आलेला पेशंट सोडून त्यांना हलता येत नव्हतं. इंजेक्शनच्या दोन कुप्या, सिरिंजचा डबा, स्पिरिटची बाटली त्यांनी स्वतः माझ्या पिशवीत भरली. "दंडात दे. सुटेल. मग तिला इकडे घेऊन ये. आणि बघ, बारकी गोळी तिला मिळते का."

एसटी स्टँडवर शेवगावची गाडी लागलेली होती, पण ड्रायव्हर चहाला गेला होता. मी गाडीभोवती फेऱ्या घातल्या. आत बसलो, उठलो, पुन्हा फेऱ्या. कंडक्टर म्हणाला, "भाई, तुमच्या चालन्यानं गाडी सुटनार हाय व्हय?" सुटली एकदाची. बाहेर दोन्ही अंगांना नुसती ढेकळं. ठिकठिकाणी रस्त्याच्या कडेला माणसं ओळीनं बसून दगड फोडत होती, आणि त्या प्रत्येक ढिगाकडं बघून मला वाटायचं की यातल्या कुणाला काय ऐकू येत असेल, कोणाला ठाऊक.

रंगनाथला वाटेत सगळं समजावून सांगितलं. ही देवी नाही, औषधानं स्नायू ताठलेत, दुखतं फार, सुई दिली की उतरेल. तो ऐकत होता. पाथर्डी फाट्याच्या अलीकडे कुठंतरी तो म्हणाला, "कंपौंडर, एक इचारू?"

"विचार."

"म्हैन्यापूर्वी ज्या सरपंचानं तिला गावाभायेर काढा म्हनून सांगितलं, त्यो परवा तिच्या पाया पडला. तिला पाटावर बसिवली. नवं लुगडं आनलं बायांनी. माझी बायकू घरात कोंडलेली हुती, आता तिला नारळ वाढवत्यात. तुमी सुई दिली की ती पुन्ना येडीच व्हनार न्हवं?"

 खरं तर त्याचा हिशोब बरोबर होता. सुई दिली की देवी जाणार आणि मागं आजारी बाई उरणार. ती बरी होईपर्यंतचे महिने त्यानं गावात कसे काढायचे, हे आमच्या पुडीवर कुठं लिहिलेलं नव्हतं. मी एवढंच म्हणालो, "जिवंत तरी राहील." तो खिडकीबाहेर बघत राहिला. मी पुन्हा अंगठा हलवायला लागलो.

शेवगावहून पुढं दुष्काळी कामाच्या मुरुमाच्या ट्रकनं आम्हाला गावाच्या वेशीपर्यंत सोडलं. हलगी तिथूनच ऐकू येत होती. मी जवळजवळ पळतच निघालो. रंगनाथ मागून येत होता, पण त्याचे पाय उचलत नव्हते.

घराच्या अंगणात गर्दी. ओसरीवर पाट, पाटावर सिंधू. हिरवं लुगडं, कपाळभर हळद-कुंकू, गळ्यात हार. मान उजव्या खांद्यावरून मागं पिळून निघालेली, डोळे आढ्याकडं खिळलेले, तोंड उघडं. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागलेल्या. एक बाई तेही पाणी बोटानं टिपून आपल्या लेकराच्या कपाळाला लावत होती. पुढं बसलेली एक म्हातारी हात जोडून पुन्हा पुन्हा तेच विचारत होती, "आये, पाऊस कवा पाडशील? एवढं सांग. एवढंच सांग."

मी चपला काढल्या आणि ओसरीची पायरी चढलो. लगेच एकानं अडवलं. सरपंचच असावा. "कातड्याची पिशवी हाय ती. पाटाजवळ न्यायची न्हाई." मी पिशवी खाली ठेवली. "नाव काय तुमचं?" मी नाव सांगितलं. हलगीवाल्याचा हात थांबला आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग हलगी पुन्हा सुरू झाली, आधीपेक्षा जोरात.

माझ्या मनात काय चाललं होतं ते सांगतो. मोठ्यानं ओरडून सांगावं की अरे बाबांनो, या बाईची मान दुखते आहे, थांबवा हे. आणि हेही कळत होतं की तसं ओरडलो तर मला अंगणाबाहेर काढतील आणि इंजेक्शन पिशवीतच राहील. तिच्या नरड्याकडं माझं लक्ष होतं. श्वास घेताना घरघर येत होती. दारातल्या चुलीवर सिरिंज उकळायला हवी होती, त्यासाठी पाणी लागणार, आणि त्या साली कुणाच्या घरात पाणी मागणं म्हणजे तोंडचा घास मागण्यासारखं होतं. तरी मी भागूबाईंकडं वळलो. "मावशी, थोडं पाणी द्या. सुई उकळायची आहे."

"थांब बाबा, मलाच आधी घोटभर पिऊ दे," त्या म्हणाल्या. हंड्यातून गडूभर पाणी घेतलं, एका दमात प्यायल्या. बोलताना त्यांची जीभ टाळ्याला चिकटत होती. ओठ पांढरे पडलेले. सिंधूच्या म्हाताऱ्या सासऱ्यांनी पलीकडून आवाज दिला, "मला बी दे गं थोडं. तोंडात थुकी न्हाई ऱ्हायली." ते भिंतीला धरून, डोळे बारीक करून येत होते. वाटेतली परात त्यांना दिसली नाही, पाय लागला.

डॉक्टरांनी बारकी गोळी बघ म्हणून सांगितलंच होतं. ती गोळी घेतली की तोंड सुकतं आणि नजर अंधुक होते, हे आमच्या बाकावरचा कुणीही सांगू शकला असता. मी हळूच विचारलं, "मावशी, ती बारकी पांढरी गोळी सिंधूला देता ना?"

मी काही अजब विचारल्यासारखं त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तिला कशाला? ती तरनी पोर. तिचं काय आखडतंय? तूच म्हनालास न्हवं, आखडल्याची हाय. माझं गुडघं आखडल्यात, ह्यांची कंबर. आमी दोघं घेतू. फुकट घालवायची व्हय येवढी शहरातली गोळी?"

"गुडघे मोकळे झाले?"

"न्हाई रं. पन तोंड लई सुकतंया."

त्या घरात सगळ्याच गोष्टी अशा वाटून घ्यायची रीत होती. एकाचा काढा तिघं पीत, एकाचं मलम सगळ्यांच्या पाठीला. कामावर खायला मिळणारी सुकडीसुद्धा घरात सारखी वाटली जायची. सुनेच्या औषधातला आपल्या उपयोगाचा भाग काढून घेण्यात भागूबाईंना काही गैर वाटायचं कारणच नव्हतं. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. मी म्हटलं, "मावशी, तिची मान आखडलीय. तुमच्या गुडघ्यापेक्षा शंभरपट. जरा हात लावून बघा."

"देवीला हात लावू?"

"सुनेला लावा."

 त्या पाटाजवळ गेल्या, सुनेच्या मागं बसल्या आणि हाराखालून मानेवर हात ठेवला. आयुष्यभर त्यांनी लेकरांच्या, बैलांच्या, नवऱ्याच्या अंगावरून हात फिरवला होता. त्यांचा हात तिथंच थांबला. त्यांनी दुसरा हात लावला. मान लाकडासारखी झाली होती आणि आतून थरथरत होती. भागूबाई वाकून सुनेच्या कानाशी गेल्या. हलगीमुळं आम्हाला काही ऐकू आलं नाही, पण ओठ दिसले. "पोरी, दुकतंय का गं?"

सिंधूला मान हलवता येत नव्हती, जीभ वळत नव्हती. तिनं पाटावरचा हात उचलला आणि सासूचं मनगट असं घट्ट धरलं की म्हातारी कळवळली.

"वाजवनं बंद करा," भागूबाई म्हणाल्या. कुणी ऐकलं नाही. मग त्या उभ्या राहिल्या आणि असल्या आवाजात बोलल्या की हलगीवाल्याच्या हातातली काडी खाली पडली. "बंद करा म्हनते ना! माझ्या सुनंची मान मोडतीया आन् तुमी नारळ फोडाय लागला. व्हा बाजूला. ए भाई, आन तुझी सुई. पिशवी घिऊनच ये."

सरपंच काही बोलायला गेला. भागूबाईंनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी हंड्यातलं पाणी पातेल्यात ओतलं आणि चूल स्वतः फुंकली. पाणी उकळेपर्यंत मी अंगणात येरझाऱ्या घातल्या. कुणी हटकलं नाही. रंगनाथ खांबाला टेकून उभा होता, तोंडावर हात ठेवून.

इंजेक्शन दिलं.  भुईवर बसून मी तिच्या नाडीवर बोटं ठेवली.  हळूहळू खांद्यावरचा पीळ सैल व्हायला लागला. आधी जबडा मिटला, मग डोळे खाली आले आणि तिनं समोरच्या माणसांकडे एकेक करून पाहिलं. मान सरळ झाली तशी ती पाटावरून सासूच्या अंगावर कलंडली.

पुढं बसलेल्या म्हातारीनं लुगड्यानं डोळे पुसले. "गेली," ती म्हणाली. "पावसाचं तेवढं सांगून जायचं हुतं." या एका वाक्याचं वाईट मला अजून वाटतं. 

सिंधूला बोलता यायला वेळ लागला. बोलली ती जड जिभेनं, पण अंगणात सगळ्यांना ऐकू आलं. "लई दुकत हुतं. मी समद्यास्नी सांगत हुते, पन तोंडातनं भायेर येत न्हवतं. आन् तुमी पाया पडत हुता." मग सासूला म्हणाली, "आत्याबाई, कुनी तरी इचारायचं हुतं."

भागूबाईंनी तिचा हार काढून ठेवला आणि पदरानं तिचं कुंकू पुसलं. टिकलीएवढं ठेवलं, बाकीचं पुसलं.

गर्दी पांगली ती चांगल्या मनानं नाही. "डाक्टरानं आनली, डाक्टरानंच घालवली," असं सरपंच जाता जाता म्हणाला. गोळ्या बंद कराव्यात, देवीचा कोप नको, असं दोन-चार जणांनी रंगनाथला बाजूला घेऊन सांगितलं. सासरेही म्हणाले, "नगं ते औषिद. आज मान धरली, उद्या काळीज धरंल." आणि मला उत्तर देणं अवघड होतं, कारण मान औषधानंच धरली होती. मी नुसत्या दोन्ही पुड्या सोडून भुईवर ठेवल्या, मोठी आणि बारकी शेजारी शेजारी, आणि सांगितलं की एक घेतली की दुसरी घ्यावीच लागते, दोन्ही तिच्याच.

रंगनाथ सिंधूकडं बघत होता. तिनं विचारलं, "मोठी घेतली की त्या बाया गप व्हत्यात?"

"हळूहळू होतात," मी म्हणालो. "लगेच नाही."

"दोन रोज बारीक बोलत हुत्या. लांबनं बोलल्यागत."  थोरली जाऊ दारात पोरीला घेऊन उभी होती. सिंधूनं पोरीकडं बघितलं, पण हात पुढं केला नाही. "अजून कळत न्हाई मला, माझी हाय का न्हाई," ती म्हणाली. "कळूस्तवर घीन गोळ्या. पन बारकी माझ्या हातात द्या." आणि बारक्या गोळ्यांची पुडी तिनं स्वतःच्या पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली.  गुडघ्यावर हात ठेवून भागूबाई नुसत्या बघत राहिल्या.

संध्याकाळच्या गाडीनं मी सिंधू, रंगनाथ आणि भागूबाई अशा तिघांना नगरला घेऊन आलो. वेशीपर्यंत कोणी पोचवायला आलं नाही.

पुढचं सरळ झालं असं समजू नका. गावात तिला कुणी येडी म्हणायचं, कुणी चेष्टेनं देवी. पाण्याच्या टँकरपाशी बायका तिला बाजूला उभं करायच्या. एकदा उपासात तिनं मोठी गोळी सोडली आणि खडीतल्या बायका परत आल्या. पावसाळा लागला, कामं बंद झाली, आणि ती चार महिने आमच्याकडं आलीच नाही. मी शेवगावच्या प्रत्येक गाडीच्या कंडक्टरला विचारत होतो. रंगनाथ गोळ्या न्यायला यायचा, म्हणायचा येते, येते. असे किती पेशंट आमच्या बोळातून आले आणि परत कधी दिसले नाहीत, कुणाच्या पाटावर, कुणाच्या कोंडलेल्या खोलीत राहिले, ते आठवलं की मी आजही घरात फेऱ्या घालतो. बायको म्हणते, बसा की हो. कुठं बसू?

सिंधू आली ती दिवाळीच्या आधी. मागच्या दारानंच आली, भागूबाई बरोबर. कडेवर पोरगी होती, चांगली अंगानं भरलेली, आईच्या कानातलं फूल ओढत असलेली.  आपणहून म्हणाली, "माझीच हाय." एवढंच, आणि बाकावर बसली.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला त्या दिवशी एक नवीन मुलगी होती, राहुरीकडची, लग्न होऊन वर्ष झालेलं. तिच्याबरोबर नवरा, सासरा, चुलता आणि मामा. चौघंही एकदम बोलत होते. ती कशी ताट फेकते, कशी रात्र-रात्र बसून राहते, कुणी काय केलं असेल. मुलगी दोन्ही हातांनी कान दाबून खाली मान घालून बसली होती. मी नेहमीसारखा उभाच, चौघांचं ऐकत, या पायावरून त्या पायावर.

सिंधू हळूहळू सरकत तिच्याजवळ गेली. पोरीला एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि वाकून, त्या चौघांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात तिनं विचारलं, "तुझं काय दुकतंय गं?"

मुलीनं एका कानावरचा हात काढला. मग म्हणाली, "कान. लई बोलत्यात."

चौघं पुरुष गप्प झाले. मी बाकावर बसलो.

सिंधूनं पदराची गाठ सोडली. पुडी उलगडून तिनं त्या मुलीला दाखवली. "मोठीसंगं ही बारकी देतील. ही तुझी. कुनालाच द्यायची न्हाई. सासूला तर मुळीच न्हाई."

भागूबाई शेजारीच होत्या. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, गुडघा चोळला आणि माझ्याकडं प्यायला पाणी मागितलं. मी त्यांच्या ओठांकडं नीट निरखून पाहिलं. सिंधूही बघत होती.

"न्हाई गं," भागूबाई म्हणाल्या. "नुसती तहान हाय."